मदत हवी आहे: सिबिल स्कोअर ६०८, घरकर्जासाठी आधी काय दुरुस्त करू? (तासगाव)

द्राक्षमळा:
घर बांधायला १२ लाखांचं कर्ज हवंय. बँकेने सिबिल बघून फाईल परत दिली. दुचाकीचं कर्ज २०२१ मध्ये तडजोडीने मिटवलं होतं, कर्ज देणाऱ्या कंपनीने १८,४०० रुपये सोडले होते. सिबिलच्या अहवालात तिथे ‘सेटल्ड’ आलंय. पीककर्ज गेल्या वर्षी पूर्ण भरलं, बेबाकी दाखलाही आहे, तरी ४३,००० बाकी दिसते. शिवाय चुलतभावाच्या ट्रॅक्टरला जामीन आहे, त्याचे चार हप्ते थकलेत. सांगलीतला एक एजंट १५,००० घेऊन महिन्यात स्कोअर ७५० करून देतो म्हणतोय. द्यावेत का?

कृष्णाकाठ:
एक रुपयाही देऊ नका. खरी नोंद कोणीच पुसू शकत नाही, आणि चुकीची दुरुस्त करायला पैसे लागत नाहीत.

तुमची चुकीची नोंद एकच, पीककर्जाची. सिबिलच्या संकेतस्थळावर अहवालाचा कंट्रोल नंबर टाकून तक्रार नोंदवा. पण ब्युरो (सिबिलसारखी कर्जाच्या नोंदी ठेवणारी संस्था) स्वतःहून आकडा बदलत नाही, बँकेला विचारतो. बँकेने ‘नोंद बरोबर आहे’ कळवलं की तक्रार बंद, आणि गाडी अडते ती इथेच. दाखल्यावर बऱ्याचदा ‘येणे बाकी नाही’ एवढंच असतं, खाते क्रमांक नसतो. किंवा मुद्दल भरूनही थोडं व्याज राहिलेलं असतं आणि खातं बंदच झालेलं नसतं. म्हणून आधी शाखेतून शून्य शिल्लक आणि बंद तारीख दाखवणारा खातेउतारा घ्या, अहवालातल्या क्रमांकाशी ताडून बघा, मग लेखी अर्ज देऊन शिक्क्याची पोच घ्या.

तक्रारीपासून ३० दिवसांत निकाल लागला पाहिजे. नाही लागला तर पुढे दिवसाला १०० रुपये भरपाई, हा रिझर्व्ह बँकेचा नियम २६ एप्रिल २०२४ पासून आहे. तरीही दाद नाही मिळाली तर रिझर्व्ह बँकेच्या लोकपालाकडे ऑनलाइन तक्रार करता येते, तीही फुकट. सिबिल, एक्सपिरियन, इक्विफॅक्स, क्रिफ हाय मार्क या चारही ब्युरोंचे अहवाल वर्षातून एकदा मोफत मिळतात. चारही काढा, चूक एकाच ठिकाणी असेल असं नाही.

हळदपेठ:
माझ्या मते सगळ्यात घाई जामिनकीची. बाकीच्या नोंदी जुन्या आहेत, ही दर महिन्याला नव्याने बिघडतेय. साधारणपणे थकबाकी ९० दिवसांवर गेली की खातं एनपीए (अनुत्पादक, म्हणजे थकीत कर्ज) होतं, आणि मग एखादा हप्ता भरून भागत नाही. मुद्दल-व्याजाची सगळी थकबाकी भरली तरच ते परत नियमित होतं. चुलतभावाला घेऊन शाखेत जा, थकीत रक्कम लेखी मागा. आपल्या मनाने जामीन काढून घेता येत नाही. बँकेला मान्य होईल असा दुसरा जामीनदार द्यावा लागतो.

दुचाकीचं कर्ज दिलेल्या कंपनीला आधी पत्र द्या: सोडलेली रक्कम भरली तर नोंद ‘क्लोज्ड’ (पूर्ण फेडून बंद) करणार का? लेखी होकार आल्याशिवाय भरू नका, आणि वसुलीवाल्याच्या हातात रोख तर अजिबात नको. नोंद बदलली तरी जुन्या महिन्यांतली थकबाकी काही काळ दिसत राहते, एवढं धरून चला.

द्राक्षमळा:
आभारी आहे. स्कोअर नव्याने वाढवायला काय करू? पतसंस्थेचं कर्ज नियमित आहे, ते धरत नाहीत का?

कृष्णाकाठ:
पतसंस्था ब्युरोची सभासद नसेल तर त्या हप्त्यांची नोंदच होत नाही. शाखेत विचारून घ्या. नसेल तर २०-२५ हजारांची ठेव ठेवून तिच्यावर क्रेडिट कार्ड घ्या. मर्यादा साधारण ठेवीच्या ७५ ते ९० टक्के मिळते. मर्यादेच्या ३० टक्क्यांच्या आत खर्च करा आणि ‘किमान रक्कम’ नाही, पूर्ण बिल भरा. दरम्यान पाच बँकांत अर्ज टाकत बसू नका, प्रत्येक चौकशी नोंदली जाते. स्वतःचा अहवाल स्वतः बघितल्याने मात्र स्कोअर कमी होत नाही.

हळदपेठ:
बागायतदाराला एक जास्तीची काळजी घ्यावी लागते. द्राक्षाचे पैसे येतात फेब्रुवारी-एप्रिलला, आणि हप्ते चुकतात ऑक्टोबर छाटणीच्या खर्चात. माल गेला की चार हप्त्यांएवढी रक्कम वेगळ्या खात्यात टाका आणि हप्त्याची कपात त्याच खात्यातून लावून घ्या.