लेट्रोझोल चालू आहे : सकाळी मूठ वळत नाही, रात्री अंगातून वाफा. गोळी बदलून घ्यावी काय?

शाहूपुरीची_सून
सासूबाईंचं वय ५८. डाव्या स्तनाच्या कॅन्सरचं ऑपरेशन झालं, काखेतल्या गाठीही काढल्या. किमो आणि शेक (रेडिएशन) पूर्ण झालेत. गाठ हार्मोनवर वाढणारी होती म्हणून लेट्रोझोल २.५ मिग्रॅ रोज एक, पाच वर्षं घ्यायला सांगितलीय. चार महिने झाले.

त्रास असा आहे : सकाळी उठल्यावर अर्धा-पाऊण तास दोन्ही हातांची बोटं मुठीत येत नाहीत, कुकरचं झाकण लागत नाही. पलंगावरून खाली पाय ठेवला की टाचेत कळ जाते. दिवसात ८-१० वेळा छातीपासून डोक्यापर्यंत वाफ चढते आणि रात्री दोनदा गाऊन बदलावा लागतो. बाकी औषधं म्हणजे थायरॉईडची ५० मायक्रोग्रॅम, बीपीची अम्लोडिपिन ५ आणि कॅल्शियम. सगळं सकाळी उठल्या उठल्या एकदम घेतात, म्हणजे विसरत नाही.

शेजारच्या काकूंना टॅमॉक्सिफेन आहे, त्यांचे सांधे अजिबात दुखत नाहीत. म्हणून सासूबाई म्हणतात, "मलाबी तीच द्या, न्हाईतर बंद करते." पुढची तपासणी दीड महिन्यानं आहे. तोवर घरी काय करता येईल?

मेडिकलवाला_राजारामपुरी
ताई, आधी वाफा बाजूला ठेवू. तुम्ही लिहिलेल्या "सगळं एकदम"मध्येच एक घोळ आहे. कॅल्शियम थायरॉईडच्या गोळीला पोटातच धरून ठेवतं, ती रक्तात नीट उतरत नाही. दोन्हीत किमान ४ तासांचं अंतर लागतं. थायरॉईड कमी पडलं की अंग जड होतं, सांधे-स्नायू दुखतात, हातांना मुंग्या येतात, आणि मग सगळा दोष लेट्रोझोलला जातो. वेळा अशा लावा : उठल्यावर उपाशीपोटी नुसत्या पाण्याबरोबर थायरॉईडची, त्यानंतर अर्धा तास चहासुद्धा नको. कॅल्शियम दुपारच्या जेवणानंतर. लेट्रोझोलला जेवणाचं बंधन नाही, रात्री घेतली तरी चालते, फक्त वेळ रोज तीच ठेवा. टीएसएच, म्हणजे थायरॉईडची रक्ततपासणी, मात्र आताच करून घ्या.

दुसरी गोष्ट अम्लोडिपिनची. या गोळीनंसुद्धा काहींचा चेहरा तापतो आणि घोटे सुजतात. वाफा आधीपासून थोड्या होत्या आणि आता वाढल्या, की लेट्रोझोलनंतरच आल्या, हे आठवून डॉक्टरांना सांगा. बीपीची गोळी बदलणं तुलनेनं सोपं काम आहे.

आता टॅमॉक्सिफेनचं. पाळी गेल्यावर अंडाशयातून इस्ट्रोजेन, म्हणजे ही गाठ वाढवणारं हार्मोन, येत नाही, पण चरबीत आणि स्नायूंत अरोमाटेज नावाचं एन्झाइम ते थोडं थोडं बनवत राहतं. लेट्रोझोल, अनास्ट्रोझोल आणि एक्झेमेस्टेन हे एन्झाइमच बंद पाडतात. सांध्यांना इतकी वर्षं मिळणारं इस्ट्रोजेन जवळजवळ शून्यावर येतं, म्हणून ते कुरकुरतात. टॅमॉक्सिफेन वेगळ्या वाटेनं जातं. इस्ट्रोजेन शरीरात राहतं, पण स्तनाच्या पेशीवर त्याची बसायची जागा टॅमॉक्सिफेन अडवून ठेवतं. पाळी गेलेल्या बाईच्या हाडांना तर ते थोडा आधारच देतं. काकूंचे सांधे शांत आहेत ते त्यामुळं. पण त्या गोळीचे धोके निराळे : पायाच्या शिरेत रक्ताची गुठळी, गर्भाशयाचं अस्तर जाड होणं. वाफा तर टॅमॉक्सिफेननंही येतात, त्यामुळं निम्मी तक्रार तशीच राहील.

अदलाबदल होते, पण शेजारीण बघून नाही. नेहमीचा क्रम असा की डॉक्टर २ ते ४ आठवडे गोळी थांबवून दुखणं उतरतं का बघतात. उतरलं तर त्याच गटातली दुसरी देतात, म्हणजे अनास्ट्रोझोल १ मिग्रॅ किंवा एक्झेमेस्टेन २५ मिग्रॅ. गट एकच असला तरी एक सोसली नाही आणि दुसरी सोसली असं बऱ्याच जणींत दिसतं. एक्झेमेस्टेन मात्र जेवणानंतरच. तेही जमलं नाही तर मग टॅमॉक्सिफेन. ही सुट्टी डॉक्टरांनी तारीख घालून दिलेली असते. घरच्या घरी "जरा बंद करून बघू" म्हटलेली गोळी पुन्हा सुरू होतच नाही, हे काउंटरवर सारखं दिसतं.

दुखण्याला पॅरासिटामोल ६५० चालेल, दिवसात जास्तीत जास्त ४. डायक्लोफेनॅक, आयबुप्रोफेन रोज नको. बीपी चढतं, किडनीवर ताण येतो.

फिजिओ_मंगळवारपेठ
हात आणि टाचांबद्दल सांगते.

सकाळी पलंगावरच सुरुवात करा. कोमट पाण्याच्या पातेल्यात दोन्ही हात ५ ते १० मिनिटं. आंघोळीला घेतो तेवढंच ऊन पाणी, चटका बसेल असं नको. डाव्या काखेतल्या गाठी काढल्यात, त्या हाताला जास्त शेक दिला की सूज येऊ शकते. मग पाण्यातच बोटांचा व्यायाम. आधी बोटं ताठ. मग फक्त वरची दोन पेरं वाकवून आकड्यासारखी. मग पूर्ण मूठ. मग बोटं तळव्याला टेकतील पण टोकं सरळ राहतील अशी चपटी मूठ. प्रत्येक स्थितीत ३ सेकंद, असं १० वेळा. जोर लावून मूठ आवळायची नाही. बायका नेमकं तेच करतात आणि दुपारपर्यंत हात सुजतात.

दोन गोष्टी वेगळ्या ओळखा. रात्री अंगठा, तर्जनी आणि मधलं बोट बधिर होऊन जाग येत असेल, हात झटकल्यावर बरं वाटत असेल, तर मनगटातली नस दाबली जातेय. या गोळ्यांत ते होतं. मनगट सरळ ठेवणारी पट्टी फक्त रात्री बांधायची. आणि बोट वाकल्यावर अडकून "टक्" करून सुटत असेल तर व्यायाम वाढवू नका, हाडांच्या डॉक्टरांना दाखवा.

टाचेसाठी पाय जमिनीला लावण्याआधी टॉवेल तळव्याच्या पुढच्या भागाला अडकवून गुडघा सरळ ठेवून स्वतःकडे ओढायचा. ३० सेकंद, ३ वेळा. फरशीवर अनवाणी पहिली पावलं नकोत, मऊ स्लिपर पलंगाशीच ठेवा.

ही झाली मलमपट्टी. खरं काम चालण्यानं आणि ताकदीच्या व्यायामानं होतं. या गोळ्यांनी सांधे दुखणाऱ्या बायकांवर अमेरिकेत होप नावाचा अभ्यास झाला. आठवड्याला १५० मिनिटं चालणं आणि दोनदा वजनाचा व्यायाम, असं वर्षभर करणाऱ्यांचं सर्वांत वाईट दुखणं २९ टक्के उतरलं, न करणाऱ्यांचं जवळपास होतं तिथंच राहिलं. म्हणजे रंकाळ्यावर रोज अर्धा तास, आठवड्यातून ५ दिवस. बोलता येईल पण गाणं म्हणता येणार नाही इतक्या वेगानं. पावसाळ्यात शेवाळलेल्या फरशीवर नको, घरातल्या घरात किंवा जिन्याखालच्या पॅसेजमध्ये चाला. हाडं विरळ होत असताना घसरणं परवडत नाही.

ताकदीसाठी खुर्चीवरून हात न टेकता उठ-बस १० वेळा, भिंतीला हात लावून दंड १०, आणि अर्ध्या लिटरची पाण्याची बाटली धरून कोपरातून हात वाकवणं १०. थांबून पुन्हा एकदा. दर दोन आठवड्यांनी थोडं वाढवा. डावा हात जड वाटला, अंगठी किंवा बांगडी घट्ट झाली, तर त्या हाताचं वजन थांबवून दाखवून घ्या. पहिले दोन-तीन आठवडे थोडं जास्त दुखेल. तिथंच सोडतात सगळ्या.

जोतिबाच्या_पायथ्याशी
एवढ्या गोळ्या कशाला? शतावरी कल्प आणि अश्वगंधा द्या, वाफा जातात. हळदीच्या कॅप्सूल पण चांगल्या, नैसर्गिक आहेत.

वॉर्ड_सिस्टर_कोप
दादा, राग मानू नका, पण हा सल्ला या पेशंटला नको. शतावरीत इस्ट्रोजेनसारखं काम करू शकणारे घटक आहेत आणि इथं इस्ट्रोजेन खाली ठेवण्यासाठीच एवढा खटाटोप चाललाय. आमटीतली हळद खुशाल खावी. मिरीचा अर्क घातलेल्या हळदीच्या कॅप्सूल टॅमॉक्सिफेनचं रक्तातलं प्रमाण कमी करतात, म्हणून त्या काकूंनीही लांब राहावं. सोयाबीनची भाजी, जवसाची चटणी जेवणात चालते, त्यांच्या अर्काच्या गोळ्या नकोत.

वाफांबद्दल. आठवडाभर कॅलेंडरवर रोज काड्या ओढा. किती वाजता आली, आधी काय खाल्लं-प्यायलं. गरम चहा, तांबडा रस्सा, बंद स्वयंपाकघर आणि रात्रीचं भरपेट जेवण, बहुतेकींच्या काड्या याभोवतीच पडतात. रस्सा कायमचा सोडा असं कोल्हापुरात कोण सांगणार, पण रात्री नको, दुपारी आणि जरा निवल्यावर. नायलॉनचा गाऊन काढून सुती, त्यावर जाड रजईऐवजी दोन पातळ चादरी. वाफ चढायला लागली की मनगटावर आणि मानेमागं ओला रुमाल ठेवून संथ श्वास घ्यायचा.

एवढं करून महिनाभरात फरक नसेल तर औषधं आहेत, आणि ती मागायला संकोच नको. व्हेनलाफॅक्सिन ३७.५ मिग्रॅपासून सुरू करतात, गरज लागली तर ७५. गुण एक-दोन आठवड्यांत कळतो. पण बीपी मोजत राहावं लागतं आणि एकदम बंद करता येत नाही, चक्कर-मळमळ होते. रात्रीचा घाम आणि झोपमोड हाच मुख्य त्रास असेल तर गाबापेंटिन ३०० मिग्रॅ रात्री. यात झोकांडी जाते, म्हणून रात्री बाथरूमच्या वाटेवर दिवा चालू ठेवा. ऑक्सिब्युटिनिनही देतात, पण तोंड कोरडं पडतं, शौचाला खडा होतो, आणि वय जास्त असेल तर विसराळूपणा वाढतो. सांधे आणि मन दोन्ही खचलेलं असेल तर ड्युलोक्सेटिनचा विचार होतो. ते आणि व्हेनलाफॅक्सिन एकत्र नाही.

टॅमॉक्सिफेनवाल्यांनी इथं एक लक्षात ठेवा. पॅरोक्सेटिन, फ्लुऑक्सेटिन, ब्युप्रोपिऑन या गोळ्या यकृतातलं जे एन्झाइम टॅमॉक्सिफेनला कामाचं रूप देतं, तेच अडवतात. ड्युलोक्सेटिनही थोडं अडवतं. दुसऱ्या डॉक्टरांकडं झोपेसाठी किंवा मनासाठी गोळी लिहून घेताना "मी टॅमॉक्सिफेनवर आहे" हे आपण होऊन सांगा. पाय एकाच बाजूचा सुजला, पोटरी दुखली, अचानक दम लागला किंवा पाळी गेल्यावर अंगावरून गेलं, तर तपासणीची तारीख बघत बसायचं नाही.

लेट्रोझोलवाल्यांसाठीही असंच एक. किमोमुळं पाळी थांबलेल्या चाळिशीतल्या बाईला या गोळीवर पुन्हा रक्तस्राव दिसला, तर अंडाशय जागं झालेलं असू शकतं. तसं असेल तर गोळी एकटी उपयोगाची नाही.

आणि जे कुणी विचारत नाही ते : खालचा कोरडेपणा, लघवीला जळजळ. आठवड्यातून दोन-तीनदा पाण्यावर आधारित मॉइश्चरायझर जेल, संबंधाच्या वेळी वेगळं वंगण. खोबरेल चालतं, पण निरोध वापरत असाल तर त्याबरोबर नको, रबर फाटतं. इस्ट्रोजेनचं क्रीम लेट्रोझोलवर असताना स्वतःहून आणू नका.

शाहूपुरीची_सून
कॅल्शियम आजपासून दुपारी केलं. आणखी तीन गोष्टी. हाडांची तपासणी अजून झालेली नाही, ती लागते काय? एका दाढेला कीड आहे. आणि एकादशीच्या उपासाला त्या सगळ्या गोळ्या सोडतात.

वॉर्ड_सिस्टर_कोप
लागते. डेक्सा ही गोळी सुरू करतानाच हवी होती, आता करून घ्या, नंतर साधारण दोन वर्षांनी पुन्हा. हाडं विरळ निघाली तर झोलेड्रोनिक ॲसिडचं इंजेक्शन सहा महिन्यांनी एकदा देतात. म्हणून दाढ आधी. ते सुरू झाल्यावर दात काढला तर क्वचित जबड्याचं हाड भरून येत नाही. दाताच्या डॉक्टरांना पुढं हे इंजेक्शन लागू शकतं असं सांगून दाढेचं काम उरकून घ्या. इंजेक्शनच्या आधी क्रिएटिनिन, म्हणजे किडनीची रक्ततपासणी, बघतात. नंतर एक-दोन दिवस तापासारखं वाटतं, घाबरू नका.

उपासाला लेट्रोझोल आणि थायरॉईडची, दोन्ही पाण्याबरोबर घेता येतात. सोडायचं कारणच नाही. एखाद्या दिवशी राहिलीच तर आठवल्यावर त्याच दिवशी घ्या, दुसऱ्या दिवशी दोन नकोत.

मेडिकलवाला_राजारामपुरी
कॅल्शियमचं पाकीट नीट वाचा. "कॅल्शियम कार्बोनेट १२५० मिग्रॅ" असेल तर आत कॅल्शियम ५०० असतं. दिवसाला जेवणासकट १००० ते १२०० लागतं. एक मोठा पेला दूध सुमारे ३००, नाचणीच्या दोन बऱ्यापैकी भाकऱ्या जवळपास ४००. म्हणजे दूध-नाचणी रोज होत असेल तर एकच गोळी पुरते. ड जीवनसत्त्वाची ६०,००० युनिटची पुडी आठवड्याला एक अशी साधारण ८ आठवडे असते, मग महिन्याला एक. चिठ्ठी जुनी झाली तरी आठवड्याची पुडी वर्षभर नेणारे बरेच आहेत. त्यानं रक्तात कॅल्शियम वाढतं.

खर्चाचं म्हणाल तर लेट्रोझोल जनऔषधी केंद्रातही मिळते. पाकिटावर कंपनीचं नाव बदललं तरी "लेट्रोझोल २.५" हे शब्द तेवढे बघा.

दीड महिना थांबू मात्र नका. काड्यांचं कॅलेंडर, मूठ वळायला लागणारी मिनिटं आणि दुखणं १० पैकी किती, एवढं कागदावर घेऊन या आठवड्यातच फोन करा. टीएसएच काढायला जाल त्या सकाळी थायरॉईडची गोळी रक्त दिल्यावर घ्यायची. आणि गोळ्यांच्या वेळा बदलल्यात, म्हणून ६ ते ८ आठवड्यांनी तीच तपासणी पुन्हा.