मेस्कालच्या बाटलीवर चित्रकार: गाळणाऱ्याला त्यातून काय मिळतं?

ठसेकार:
मेस्काल म्हणजे मेक्सिकोत ‘मागे’ नावाच्या काटेरी झाडापासून, आपल्या घायपाताच्या भाऊबंदांपासून, गाळलेली दारू. १९९५ मध्ये रॉन कूपर या चित्रकाराने ‘डेल मागे’ ही मेस्कालची कंपनी काढली. एकेका गावाचं मेस्काल वेगळं भरलं आणि लेबलांची चित्रं केन प्राइस या कलाकाराकडून करून घेतली. माझ्या मते अशी जोडी जमायलाच हवी, फक्त चित्रकार वाहाका या मेक्सिकोतल्या मेस्कालच्या राज्यातलाच असावा. तिथे लिनोकटवाले, म्हणजे लिनोलियमवर चित्र कोरून ठसे काढणारे, भरपूर आहेत. तिथल्याच सान आगुस्तीन एत्ला गावात चित्रकार फ्रान्सिस्को तोलेदोंच्या पुढाकाराने हातकागदाची कार्यशाळाही उभी राहिली. गाळपातून उरलेल्या चोथ्याचा कागद, त्यावर हाताने काढलेला ठसा, आणखी काय पाहिजे?

हिशेबनीस:
पैसे पाहिजेत. चित्रामुळे बाटली महाग होते, पण मेस्कालेरोचा, म्हणजे मेस्काल गाळणाऱ्याचा, दर लिटरवरच ठरतो. डेल मागेतला मोठा हिस्सा २०१७ मध्ये पेर्नो रिकार या फ्रेंच दारू कंपनीने घेतला, असे सौदे ब्रँडच्या नावावर होतात. बाटलीच्या पुढच्या बाजूच्या लेबलवर चित्राआधी गाव, ‘मागे’ झाडाची जात, गाळणाऱ्याचं नाव आणि भांडं तांब्याचं की मातीचं, एवढं ठळक हवं. एस्पादीन जातीचं झाड सहा ते आठ वर्षांत तयार होतं, तेपेस्ताते जातीला त्याच्या कितीतरी पट वर्षं लागतात. हा फरक चित्रातून कळत नाही.

शाईवाला:
चोथ्याचा कागद म्हणणं सोपं आहे. चोथा भट्टीत भाजलेला आणि दगडाखाली चिरडलेला असला तरी धागे जाड असतात. तो कॉस्टिक सोड्यात पुन्हा शिजवून, धुऊन, कुटावा लागतो, नाहीतर कागदावर गाठी राहतात आणि लिनोच्या बारीक रेघा तुटतात. लगद्यात साइझिंग, म्हणजे शाई-पाणी शोषू न देणारा पदार्थ, घातलं नाही तर कागद टीपकागदासारखा शाई पितो, आणि बर्फात ठेवलेल्या बाटलीवरचं लेबल सुटून येतं. हातकागद जाड, त्यामुळे गोल बाटलीवर उभ्या कडा उचलल्या जातात. खळ पातळ आणि कडेपर्यंत लावा, लेबल भोवती पूर्ण न फिरवता ३-४ मिमी फट ठेवा. हाताने फुगवलेल्या काचेचा घेर बाटलीगणिक बदलतो, तिथे फट नसेल तर सुरकुती ठरलेलीच.

शाई तेलाची हवी, आणि ती वाळायला दिवस लागतात, घाई केली की गठ्ठ्यात एकमेकांवर छाप पडते. साध्या इंकजेटच्या रंगावर ४८ टक्के अल्कोहोलच्या मेस्कालचा एक थेंब ओघळला की डाग पडतो. चाचणी सोपी आहे: लेबल लावलेली बाटली चार तास बर्फाच्या पाण्यात ठेवा, मग मेस्कालमध्ये भिजवलेला कापूस घासा.

ठसेकार:
मान्य, पण ३०० लिटरचा घाणा, म्हणजे एका वेळचं गाळप, म्हणजे ७५० मिलीच्या ४०० बाटल्या. चारशे ठसे एका कोरलेल्या प्लेटवरून सहज निघतात. एवढ्यासाठी ऑफसेट लावणंच परवडत नाही.

हिशेबनीस:
आणि पुढच्या घाण्याला अल्कोहोल ४६ ऐवजी ४९ टक्के निघालं तर? तो आकडा कोरलेल्या प्लेटमध्ये अडकवू नका. बदलणारं सगळं मागच्या साध्या लेबलवर, घाणा क्रमांकासह. अमेरिकेत पाठवायचं तर आरोग्य इशारा ७५० मिलीच्या बाटलीवर किमान २ मिमी अक्षरात, वेगळा उठून दिसेल असा लागतो. चोथ्याच्या खरखरीत तपकिरी कागदावर तो वाचता येत नाही.

कलमबहाद्दर:
तिघंही करारावर गप्प! मेक्सिकोच्या कॉपीराइट कायद्यात चित्राचे आर्थिक हक्क कायमचे विकता येत नाहीत. हस्तांतर लेखी, मोबदल्यासह आणि मुदतीचं असावं लागतं. मुदत लिहिली नाही तर पाच वर्षं धरतात, पंधराच्या पुढे फक्त अपवादाने. म्हणजे ब्रँड चालू लागला की सहाव्या वर्षी चित्रकार पुन्हा दाराशी, आणि हे योग्यच आहे. शिवाय गावातल्या विणकामाचे नक्षे उचलले तर २०२२ च्या मूळनिवासी वारसा कायद्याप्रमाणे समुदायाची संमती लागते. एकट्या मेस्कालेरोचा होकार पुरत नाही.

हिशेबनीस:
मग माझा मुद्दा अजून पक्का झाला. चित्रकाराच्या मागे कायदा उभा आहे, गाळणाऱ्याच्या मागे कोण? बाटलीमागे हिस्सा दोघांनाही लिहून द्या, आणि चित्रकाराची सही जेवढ्या आकाराची, तेवढंच मेस्कालेरोचं नाव.

ठसेकार:
नावाचं चालेल. पण हिस्सा द्यायला छोट्या गाळणाऱ्याकडे बाटलीबंद मालाचं भांडवल कुठे असतं? बाटली, बूच, लेबल, प्रमाणपत्राची फी, सगळा खर्च विक्रीच्या आधी. त्यापेक्षा चित्रकाराने ठशांच्या बदल्यात बाटल्या घ्याव्यात, तिथे हे सहज पटेल.

शाईवाला:
घ्या, पण करारात कोणत्या घाण्याच्या ते लिहा. शेवटी शेपटाचा, म्हणजे गाळपाच्या अखेरीला येणारा हलका, माल पदरात पडायला नको.