२०१६ मध्ये अमेरिकेने म्यानमारवरचे निर्बंध उठवले, ती घाई नव्हती का?

दाणाबंदर वाशी:
काल गाळ्यावर बर्मा (म्हणजे म्यानमारच्या) उडदाच्या गोण्या उतरत होत्या. छाप बघून हमाल म्हणाला, "शेठ, तिथं मिलिटरीचं राज्य ना? मग माल येतो कसा?" येतो, कारण भारताने बंदी घातलेलीच नाही. अमेरिकेने घातली होती. लोकशाहीसाठी लष्कराशी लढणाऱ्या तिथल्या नेत्या आँग सान सू ची यांच्या पक्षाने निवडणूक जिंकली आणि ऑक्टोबर २०१६ मध्ये ओबामांनी उरलेसुरले आर्थिक निर्बंधही काढले, अगदी जेड (हिरवा मौल्यवान दगड) आणि माणकांवरचेसुद्धा. पण म्यानमारच्या २००८ च्या घटनेने संसदेतल्या २५ टक्के जागा लष्कराच्या. गृह, संरक्षण, सीमा ही खातीही त्यांचीच. वर्षभरात लष्कराने रोहिंग्या मुसलमानांना हाकललं, १ फेब्रुवारी २०२१ ला सरकारच उलथवलं. माझ्या मते घाईच झाली.

घोडबंदरकर:
आता बोलणं सोपं आहे शेठ. निर्बंध काढा असं सू ची स्वतः वॉशिंग्टनला जाऊन म्हणाल्या होत्या. निवडून आलेल्या बाईने लोकांना दाखवायचं काय, रिकामे हात? २००३ च्या आयातबंदीने अमेरिकेसाठी कपडे शिवणारे कारखाने बंद पडले, शिलाईवरच्या पोरी घरी बसल्या. सेनापतींचं काय वाकडं झालं? जेड चीनला जातच होतं.

नौपाड्याची माई:
दक्षिण आफ्रिका आठवा, वर्णभेदामुळे तिच्यावरही निर्बंध होते. सप्टेंबर १९९३ मध्ये युनोत मंडेलांनीच आर्थिक निर्बंध उठवायला सांगितलं. शस्त्रबंदी मात्र उठली मे १९९४ मध्ये, ते अध्यक्ष झाल्यावर. पोटापाण्याचं आधी, बंदुकीचं शेवटी. (क्रिकेटला कुठला दम निघतो! नोव्हेंबर १९९१ मध्येच त्यांचा संघ ईडन गार्डनवर हजर.)

दाणाबंदर वाशी:
माई, हेच म्हणतोय. कपडे येऊ द्या, डाळ येऊ द्या, पोरींचं मला पटलं. पण एमईएचएल आणि एमईसी या थेट लष्कराच्या कंपन्या, त्या बंदीतून कशाला सोडल्या? मार्च २०२१ मध्ये परत निर्बंधांच्या यादीत घालाव्याच लागल्या. उधारी बुडवलेलं गिऱ्हाईक परत आलं तर मी पहिल्या पाच गोण्या रोखीने देतो, सगळी वखार उघडत नाही.

घोडबंदरकर:
पण गिऱ्हाईक बदललं होतं ना शेठ. बुडवणारा दुसराच होता.

दाणाबंदर वाशी:
बदललं होतं, पण दुकान कोणाच्या नावावर होतं ते बघितलंत का?