कमी पॉइंट्स हाच निकष नको

दिवाळीच्या सुट्टीत आजी-आजोबा व मुलांसह कोल्हापूरहून गोव्याला जाताना हॉटेल साखळ्यांच्या सदस्यांना मिळणाऱ्या बक्षीस पॉइंट्सवर खोली घ्यायची तर सर्वांत कमी पॉइंट्स मागणारे रिसॉर्ट घ्यावे, हा आपला सल्ला मला पटत नाही. आधी करासह रोख भाड्याला लागणाऱ्या पॉइंट्सनी भागून, एका पॉइंटचे किती रुपये वसूल होतात ते पाहावे. साडेसात हजारांवरील खोलीला १८ टक्के जीएसटी लागतो आणि पॉइंट्सवर तो सहसा वाचतो, त्यामुळे महागडी खोलीच पुष्कळदा परवडते. मॅरियट या हॉटेल साखळीत सलग पाच रात्री पॉइंट्सवर घेतल्यास चारच रात्रींचे पॉइंट्स जातात.

मात्र समुद्र किती जवळ आहे, हे मला त्याहून महत्त्वाचे वाटते. दक्षिण गोव्यातल्या मजोर्ड्याचे अलिला दिवा हे रिसॉर्ट देखणे आहे खरे, पण त्याच्यासमोर भातशेती आहे आणि किनारा त्यापलीकडे. आंबोली घाट उतरून आधीच थकलेल्या, गुडघे दुखणाऱ्या आजींना पुळणीवर जाण्यासाठी रोज गाडीत बसवणे योग्य नव्हे. शिवाय पॉइंट्सच्या आरक्षणात नाश्ता बहुधा धरलेला नसतो, आणि एका खोलीत तिसऱ्या मोठ्या माणसाला परवानगी आहे का, हे रिसॉर्टला फोन करून आधीच विचारावे, अन्यथा दुसरी खोली रोखीने घ्यावी लागते.