अंड्याच्या पांढऱ्या भागाची तयार बाटली: खोलीत फ्रीज नसताना परवडते का?

प्रश्न: भरतीचा विद्यार्थी, लातूर

नमस्कार. मी मूळचा औसा तालुक्यातला असून पोलीस भरतीच्या तयारीसाठी दोन वर्षांपासून लातूरमध्ये खोली करून राहतो. माझे वजन 68 किलो आहे. पहाटे सोळाशे मीटर धावणे आणि गोळाफेक असा सराव असतो, आणि दोन्ही वेळचे जेवण मेसचे असते. मेसमधले वरण पातळ असल्यामुळे प्रथिने कमी पडतात, असे मैदानावरच्या एका मित्राचे म्हणणे पडले. त्याच्या सांगण्यावरून मी अंड्यांच्या पाश्चराइज्ड पांढऱ्या भागाची एक लिटरची बाटली ऑनलाइन मागवली, ती 420 रुपयांना पडली. अंडी फोडायला नकोत, उकडायला नकोत, पेल्यात ओतून सरळ प्यायचे, ही सोय मला फार आवडली होती.

परंतु खोलीत फ्रीज नाही आणि दिवस एप्रिलचे आहेत. एक पेला पिऊन मी बाटली माठाखालच्या ओल्या वाळूत रोवून ठेवली. दुसऱ्या दिवशी संध्याकाळी पाहिले, तर ती फुगली होती आणि झाकण सैल करताच असा वास सुटला की सगळे मोरीत ओतावे लागले. एवढे पैसे घरून मागवलेले असल्यामुळे जिवाला फार लागले. हा प्रकार खरोखर स्वस्त पडतो का, तो कच्चा प्यावा का, आणि फ्रीज नसलेल्या माणसाने काय करावे, हे जाणकारांनी कृपया सांगावे.

उत्तर: आहारतज्ज्ञ, छत्रपती संभाजीनगर

आधी हिशोब पाहू. एका लिटरमध्ये साधारण तीस अंड्यांचा पांढरा भाग मावतो आणि त्यातून 105 ते 110 ग्रॅम प्रथिने मिळतात, म्हणजे तुम्हाला एक ग्रॅम जवळपास चार रुपयांना पडला. सात रुपयांचे एक अख्खे अंडे सुमारे 6 ग्रॅम प्रथिने देते. तिथे तोच ग्रॅम रुपया-सव्वा रुपयात येतो. पिवळा बलक टाकून दिला, तरी पांढऱ्यातून साडेतीन ग्रॅम मिळतात आणि भाव दोन रुपये ग्रॅम होतो. म्हणजे बलक वाया घालवूनही साधी अंडी तुमच्या बाटलीच्या निम्म्या खर्चात बसतात. जिथे अंडी फोडून बलक वेगळा करण्याचे मोठे कारखाने आहेत आणि उरलेल्या पिवळ्या बलकालाही मेयोनीजसारख्या पदार्थांसाठी गिऱ्हाईक आहे, तिथे ही बाटली स्वस्त असू शकते. तिथला सल्ला लातूरच्या खोलीत जसाच्या तसा लागू होत नाही.

कच्चे पिण्याबद्दल मात्र मला आग्रहाने सांगायचे आहे. पांढरा भाग साठ अंशांच्या पुढे गोठू लागतो, म्हणून पाश्चरायझेशन 56-57 अंश सेल्सिअसच्या आसपास काही मिनिटे करतात. त्यामुळे साल्मोनेलासारखे जंतू मरतात, पण अंडे शिजत नाही. कच्च्या अंड्यातील प्रथिनांपैकी साधारण निम्मीच शरीर पचवते, शिजवलेल्यातील नव्वद टक्क्यांच्या आसपास. शिवाय कच्च्या पांढऱ्यातील ॲव्हिडिन हे प्रथिन बायोटिन या जीवनसत्त्वाला धरून ठेवते आणि ते शरीराला मिळू देत नाही. तेव्हा पेल्यातून प्यायलेल्या महागड्या प्रथिनांतला मोठा वाटा तुमच्या अंगी लागलाच नसणार.

भारतीय वैद्यकीय संशोधन परिषदेच्या (आयसीएमआर) 2020 च्या शिफारशीनुसार निरोगी प्रौढाला दर किलो वजनामागे रोज 0.83 ग्रॅम प्रथिने पुरतात. तुमच्यासाठी ती 56 ग्रॅम होतात. तुमच्यासारखा रोजचा कठोर सराव असेल, तर 80 ते 100 ग्रॅमचे लक्ष्य ठेवावे. तीन-चार अख्खी अंडी, मूठभर शेंगदाणे आणि आठवड्यातून काही दिवस भिजवून शिजवलेल्या सोयाबीनच्या वड्या (सोया चंक्स) एवढ्यात मेसची कमतरता बरीचशी भरून निघते. कोरड्या वड्यांच्या 100 ग्रॅममध्ये सुमारे 50 ग्रॅम प्रथिने असतात, आणि तुम्ही तर सोयाबीनच्या बाजारपेठेतच राहता. पिवळा बलक फेकू नका. अ आणि ड जीवनसत्त्वे, बी-12 आणि कोलीन हे सारे त्यातच असते.

उत्तर: अंडी विक्रेता, परभणी

दादा, अंड्याला कवचासारखी दुसरी बाटली नाही. वीस वर्षे हा धंदा करतो, म्हणून सांगतो. कवचावर एक नैसर्गिक पापुद्रा असतो, तो जंतूंना आत जाऊ देत नाही. त्यामुळे आणल्या आणल्या अंडी धुऊ नका, फोडायच्या वेळीच धुवा. आपल्याकडच्या उन्हाळ्यात सावलीत, वारा लागेल अशा जागी ठेवून आठवड्याच्या आत संपवा. तीसचा अख्खा ट्रे एकदम घेऊ नका. दोन मित्र मिळून घ्या किंवा पाच-सहा दिवसांपुरतीच न्या. अंडे पाण्यात सोडले आणि तळाला आडवे पडले तर ते ताजे, उभे राहिले तर जुने, तरंगले तर घेऊच नये. गावरान अंड्याला दुप्पट भाव देऊन प्रथिने दुप्पट मिळत नाहीत, हेही लक्षात असू द्या.

उत्तर: एक गृहिणी, अंबाजोगाई

बाटली सगळ्यांनाच निरुपयोगी आहे असे वाचणाऱ्यांना वाटू नये, म्हणून लिहिते. माझ्या सासूबाईंचे डायलिसिस चालू आहे. त्यांना प्रथिने भरपूर हवीत, पण फॉस्फरस कमी हवा, आणि अंड्यातला फॉस्फरस जवळपास सगळा पिवळ्या बलकात असतो. त्यामुळे डॉक्टरांनी पांढरा भागच द्यायला सांगितला. रोज चार-पाच अंडी फोडून बलकाचे काय करायचे, हा प्रश्न बाटलीने सुटला. ती आली की मी लगेच छोट्या वाट्यांत ओतून फ्रीजरमध्ये गोठवते, आणि एक वाटी आदल्या रात्री खाली फ्रीजमध्ये उतरवते. सकाळी त्यात ज्वारीचे पीठ, कांदा, कोथिंबीर घालून पातळसर धिरडे करते. सासूबाईंना नुसत्या पांढऱ्याचा वास चालत नाही, पण हे धिरडे त्या आवडीने खातात. फ्रीज नसता, तर मी ही बाटली घरात आणली नसती.

भरतीचा विद्यार्थी, लातूर

सर्वांचे मनापासून आभार. उद्यापासून इंडक्शनवर अंडीच उकडीन. सराव पहाटे पाचला असतो. रात्री उकडून ठेवलेली अंडी सकाळी डब्यात नेली तर चालतील का?

अंडी विक्रेता, परभणी

या दिवसांत नको. उकडलेले अंडे कच्च्यापेक्षा लवकर खराब होते, आणि सोललेले तर त्याहून लवकर. सरावाहून परत आल्यावर उकडा आणि गरम असतानाच खा. उकळी आल्यापासून दहा मिनिटे पुरतात.