चष्मा, अंबाडा आणि हनुवटीचे पाच टाके: फ्लिप हेल्मेट घेऊ की फुल फेस?

तिसऱ्या गेटच्या बाई

नमस्कार. दुकानात तासभर घालवूनही ठरलं नाही म्हणून इथं विचारतेय.

मी रोज बेळगावच्या तिसऱ्या रेल्वे गेटजवळून स्कूटरनं निघते. उद्यमबाग, पिरनवाडी, तिथून जांबोटी रस्ता धरून किणयेच्या थोडं पुढं शाळा. जाऊन-येऊन तीसेक किलोमीटर. इतकी वर्षं डोक्यावर टोपीसारखं हाफ हेल्मेट होतं. चौकातला पोलीस एकदा ‘हेल्मेट हाक्कोळ्री’ (हेल्मेट घाला) म्हणाला, त्या दिवशी घेतलेलं. ते त्याच्यासाठी होतं, माझ्यासाठी नव्हतं, हे गेल्या गाळप हंगामात कळलं. ट्रॉलीतून पडलेल्या उसावरून पुढचं चाक सरकलं. वेग असेल तीस. डोक्याला ओरखडा नाही, पण हनुवटी सरळ डांबरावर. पाच टाके, आणि खालचा एक दात अजून थंड पाण्यानं शिवशिवतो. वर्गात पोरं आठवडाभर माझ्याकडे बघायचं टाळून फळ्याकडे बघत होती. एरवी त्यासाठी किती ओरडावं लागतं!

तर हनुवटी झाकायची, एवढं नक्की. पण कशानं? चष्मा मायनस पाचचा. तो काढला की समोर बस आहे की म्हैस, तेही कळत नाही. फुल फेस, म्हणजे हनुवटीसकट अखंड हेल्मेट, घालायचं तर आधी चष्मा काढा, हेल्मेट चढवा, मग चाचपडत काड्या आत सारा. दुकानात काडी दोनदा कानशिलात रुतली. वर माझा अंबाडा. शिवाय वाटेत कुणी ना कुणी थांबवतंच, ‘बाई, पोराचा दाखला कवा मिळंल?’ त्यांच्याशी काचेआडून बोलणं बरं दिसत नाही. म्हणून मन फ्लिपकडे, म्हणजे हनुवटीचा भाग वर उघडतो त्या हेल्मेटकडे, जातंय.

यजमानांचं म्हणणं, उघडणारी वस्तू नको तेव्हाच उघडते. आणि हातात घेतल्यावर फ्लिप जडही लागलं. मान आधीच वह्या तपासून कामातून गेलीय. बजेट तीन हजार. काय करू?

चोर्ला वारकरी

टीचर, फुल फेसच घ्या की. माझी सासुरवाडी गोव्यातल्या साखळीची, महिन्यातनं दोनदा चोर्ला घाटातनं जाणं-येणं. दोन वर्षं फ्लिप वापरलो. पावसाळ्यात कणकुंबीला धुकं उतरलं की आतनं काच धुरकट, मग मी हेल्मेटची हनुवटी वर करून तसाच चालवायचो. वर केलेली हनुवटी म्हणजे डोक्यावर शीड बांधल्यागत. समोरनं ट्रक गेला की मान मागं! आणि त्या टायमाला पडलो असतो तर तुमचं हाफ हेल्मेट आणि माझं महागाचं फ्लिप एकच की हो.

वजन म्हणाल तर फुल फेस साधारण 1300 ते 1500 ग्रॅम, फ्लिप 1600 ते 1800. सांधे जास्त म्हणून वाऱ्याचा आवाज पण जास्त. चष्म्याची सवय होते. दाखला मागणाऱ्यांना सांगा, शाळेत या म्हणून.

तिसऱ्या गेटच्या बाई

शाळेत या म्हटलं तर त्यांचा दिवसाचा रोजगार बुडतो, दादा. रस्त्यातच बरं पडतं त्यांना.

पॅटर्न शॉप

बाई, मी तीस वर्षं उद्यमबागेत फाउंड्रीच्या पॅटर्न शॉपमध्ये काढली. वस्तू कुठं तुटणार हे आधी सांध्याकडं बघूनच कळतं. फुल फेसचं कवच अखंड, मार बसला तर सगळीकडं पसरतो. फ्लिपमध्ये तोच मार दोन बिजागऱ्या आणि दोन खिट्ट्यांवर येतो. तेव्हा तुमचे यजमान चुकीचं बोलत नाहीत. पण सगळी फ्लिप एका माळेत ओवू नका.

दुकानात गेलात की रंग नंतर बघा. आधी खिट्ट्या. त्या ज्या पिनेवर बसतात ती धातूची हवी, प्लास्टिकची नको. हनुवटी खाली केली की दोन्ही बाजूंना एकदम ‘टक्’ वाजलं पाहिजे. पुष्कळदा एक बाजू बसते, दुसरी नुसती टेकलेली असते आणि वरून बंद दिसते. बंद केल्यावर हनुवटीला धरून ओढा, पीळ द्या. दुकानदार बघत राहील, बघू द्या.

मग आतलं कापड जरा बाजूला करून हनुवटीच्या भागात अंगठा दाबा. तिथं थर्माकोल लागला पाहिजे, डोक्याच्या भागात असतो तसाच. स्वस्तातल्या बऱ्याच फ्लिपमध्ये कापडामागं कोरं प्लास्टिक असतं. ते वारा अडवतं, डांबर नाही. जर्मनीत हॅनोवरला अपघातातली हेल्मेटं तपासली होती, त्यात जवळजवळ एक तृतीयांश मार हनुवटीच्या भागात बसलेला निघाला. तुम्हाला ते निराळं सांगायला नकोच.

आयएसआयचा शिक्का हवाच. 1 जून 2021 पासून त्याच्याशिवाय दुचाकीचं हेल्मेट विकणंच बेकायदा आहे, मानक आयएस 4151. युरोपचा ईसीई शिक्काही असेल तर पट्ट्याला शिवलेल्या चिठ्ठीवर अक्षरं बघा. ‘पी’ म्हणजे हनुवटी बंद असताना तिचं संरक्षण तपासलेलं, ‘जे’ म्हणजे उघडी ठेवूनही मान्य, दोन्ही असतील तर उत्तम. ‘एनपी’ दिसलं तर हनुवटी शोभेला आहे समजा.

वेगा ही हेल्मेटची कंपनी आपल्या बेळगावचीच, त्यामुळं निवडीला तोटा नाही. पण गावची म्हणून डोळे झाकून घेऊ नका, डोक्याला बसतं ते घ्या. भुवयांच्या वर बोटभर टेप लावून घेर मोजून जावा.

रात्रपाळी सिस्टर

वरच्या पुरुष मंडळींनी अंबाड्याबद्दल एक शब्द काढला नाही, म्हणून मी लिहितो. बाई, अंबाड्यावर कुठलंच हेल्मेट बसत नाही. मागून उचललं जातं, कपाळ उघडं पडतं, आणि मापाचं ‘एम’ सोडून तुम्ही सैल ‘एल’ घेऊन येता. मानेशी खाली वेणी घाला, शाळेत पोचल्यावर काय ते बांधा. पट्टा लावून कुणाला तरी मागची कड धरून वर, पुढच्या बाजूला ढकलायला सांगा. डोक्यातून निघायला आलं तर ते तुमचं माप नव्हे. नवीन असताना गाल दाबलेच पाहिजेत, महिन्याभरात मऊ पडतं.

कॅज्युअल्टीत आम्हाला फ्लिप आलं की बरं वाटतं. हनुवटी वर केली की तोंड, श्वास लगेच दिसतो. फुल फेस काढायला एकानं मान स्थिर धरायची, दुसऱ्यानं हळू ओढायचं. रस्त्यावर लोक एकटेच उपसून काढतात, अंगावर काटा येतो. चष्म्यासाठी माझं मत फ्लिपला, पण चाक फिरतंय तोवर बंद. धुकं धरलं तर काच एक खाच उघडा, हनुवटी नाही. चष्म्याच्या काड्या सरळ आणि पातळ घ्या, कानामागं वळणाऱ्या नकोत.

तिसऱ्या गेटच्या बाई

रविवारी वेणी घालून, टेप घेऊन पुन्हा गेले. चार फ्लिप बघितली. दोन अंगठ्यालाच नापास झाली, दुकानदार म्हणाला, ‘मॅडम, असं कोण बघत नाही.’ तिसऱ्याची डावी खिट्टी बसायची, उजवी नाही. चौथं घेतलं. माप एम! इतकी वर्षं मी एल होते ती अंबाड्यासकट.

खरं सांगायचं तर वेणी घातल्यावर फुल फेसही सहज गेलं आणि हलकं लागलं, क्षणभर मन डळमळलं. चष्म्यानं निकाल दिला. सोमवारी शाळेत बिसीऊटाच्या (पोरांच्या दुपारच्या जेवणाच्या) तांदळाच्या काट्यावर ठेवलं, एक किलो सहाशे चाळीस. पहिला आठवडा मान दुखली, आता कळत नाही.

काल किणयेत एकानं नेहमीप्रमाणे हात केला. थांबले, हनुवटी वर केली, तर म्हणतो, ‘अरे, बाई होय! मला वाटलं कुरियरवाला.’ पार्सलची वाट बघत होता म्हणे.

यजमान मात्र अजून रोज सकाळी गेटात हनुवटीला धरून एक हिसका देतात. दुधाची पिशवी त्यानंतर.