ऐरोलीत सपोर्टची ऑफर आली आहे, डेव्हलपर व्हायचंय. घेऊ का?

कळवा_लोकल
यंदा बीएस्सी आयटी झालं. पायथन आणि एसक्यूएल (डेटाबेसमधून माहिती काढायची भाषा) बऱ्यापैकी येतं. ऐरोलीत माइंडस्पेसमधल्या एका कंपनीकडून अ‍ॅप्लिकेशन सपोर्टची, म्हणजे चालू सॉफ्टवेअरच्या तक्रारी सोडवायच्या कामाची, ऑफर आहे, रोटेशनल शिफ्ट. ठाण्यातला एक क्लासवाला पैसे भरले तर दोन वर्षांचा डेव्हलपरचा खोटा अनुभव कागदावर 'लावून देतो' म्हणतोय. सपोर्टमध्ये गेलं की माणूस तिथेच अडकतो असं सगळे सांगतात. काय करू?

टीटीसी_बेल्ट
सपोर्ट कुठल्या लेव्हलचा, यावर सगळं आहे. एल-१ (पहिली लेव्हल) मध्ये तिकीट, म्हणजे नोंदवलेली तक्रार, घ्यायचं, एसओपी (ठरलेल्या पायऱ्यांची यादी) बघून उत्तर द्यायचं, नाही सुटलं तर पुढे पाठवायचं. तिथे वर्षभर राहूनही कोडशी संबंध येत नाही. एल-२ ला लॉग (सिस्टिमने आपोआप केलेल्या नोंदी) वाचून, डेटाबेसमध्ये क्वेरी मारून बिघाडाचं कारण शोधावं लागतं. एल-३ वाले कोड दुरुस्त करतात.
एचआरला हे बहुतेक वेळा माहीत नसतं, टेक्निकल राऊंड घेणाऱ्यालाच विचार: प्रॉडक्शन (ग्राहक वापरतात त्या चालू सिस्टिमच्या) डेटाबेसचा रीड अ‍ॅक्सेस मिळेल का? लॉग स्वतः उघडता येतील का? आरसीए (बिघाडाच्या मूळ कारणाचा रिपोर्ट) कोण लिहितं? पहिल्या दोन्हींना 'हो' आलं तर बिनधास्त घे. रात्रीच्या शिफ्टला घरापर्यंत कॅब आहे का, तेही लेखी घे. ट्रान्स-हार्बर (ठाणे-ऐरोली लोकल) रात्रभर चालत नाही.

पीएफ_पासबुक
क्लासवाल्याच्या नादाला अजिबात लागू नकोस. बॅकग्राउंड व्हेरिफिकेशनमध्ये यूएएनवरून (पीएफचा कायमचा खाते नंबर) पीएफ पासबुक बघतात. कुठल्या कंपनीने कुठल्या महिन्यात पैसे भरले ते त्यात दिसतं. छोट्या कंपनीत पीएफ नव्हता म्हणालास तर पगार जमा झाल्याचं बँक स्टेटमेंट मागतात. ते कुठून आणणार? आणि हे जॉइन झाल्यावर उघडकीला आलं तरी नोकरी जाते. फ्रेशर असणं हा काही गुन्हा नाही.
बॉण्ड (ठरावीक मुदतीआधी सोडलं तर पैसे भरायचा करार) असेल तर रक्कम आणि मुदत नीट वाच. ओरिजिनल मार्कशीट कोणाकडेही ठेवायला देऊ नकोस, दाखवून परत घे.

क्वेरी_वाचक
एल-२ मिळालं तर एसक्यूएल धारदार कर, इंटरव्ह्यूत पोरं तिथेच घसरतात. उदाहरण: ज्या ग्राहकांची मार्चमध्ये एकही ऑर्डर नाही त्यांच्यासकट सगळ्यांची यादी हवी आहे. ग्राहक टेबलला ऑर्डर टेबल लेफ्ट जॉइन केलं (म्हणजे ऑर्डर जुळली नाही तरी ग्राहकाची ओळ राहते) आणि तारखेची अट 'व्हेअर'मध्ये टाकली, की ते ग्राहक गायब. ऑर्डर नसलेल्या ओळीत तारीख नल (रिकामी) असते, नलची तुलना खरी ठरत नाही, म्हणून ओळ गळते आणि लेफ्ट जॉइनचा इनर जॉइन होतो, फक्त जुळलेल्या ओळी उरतात. अट 'ऑन'मध्ये, म्हणजे जोडणीच्या अटीतच, लिही. हे 'का' सांगता आलं पाहिजे.
सोबत गिटहबवर (कोड ठेवायची साइट) एकच प्रोजेक्ट ठेव, पण पूर्ण: रीडमी (प्रोजेक्टची माहिती देणारी फाइल), चार-पाच टेस्ट, चालू लिंक. डेटाबेसचा पासवर्ड चुकून कमिट (कोडसोबत सेव्ह) झाला तर फाइल डिलीट करून भागत नाही, हिस्टरीत तो राहतो. पासवर्डच बदल. कंपनीचा कोड किंवा डेटा मात्र तिथे चुकूनही टाकू नकोस.

कळवा_लोकल
मनापासून आभार. क्लासवाल्याला नाही म्हणतो. ऑफर लेटरमध्ये नोटीस पिरियड ९० दिवस आहे, ते चालेल?

पीएफ_पासबुक
प्रोबेशनमधला नोटीस पिरियड बऱ्याचदा वेगळा आणि कमी असतो, ते कलम बघ. बाय-आउटची (पैसे भरून नोटीस पिरियड कमी करायची) सोय आहे का आणि ती बेसिकवर की ग्रॉसवर मोजतात, हे सही करायच्या आधी मेलवर विचार.